एकोणतीस कारली

ज्या कार्तिकी द्वादशीला त्र्यंबकगुरुजींच्या ओसरीवर एकोणतीस कारली जमली, त्या दिवसापासून नळदुर्गच्या आमच्या गल्लीत काही सोडणं अवघड होऊन बसलं.

कारली मी मोजली होती. मोजणं, लिहून ठेवणं आणि वेळेवर आठवण करणं ही कामं मला कोणी दिलेली नव्हती; ती आपोआप माझ्याकडे येत. आमचे हे निजाम सरकारच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या नाक्यावर कारकून होते. सोलापूरकडून हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांतल्या मालाची यादी ते दिवसभर उर्दूत करत, आणि घरी येऊन माझ्या मराठी याद्या पाहिल्या की म्हणत, नाका बरा.

चातुर्मासाचा आमच्याकडचा रिवाज आधी सांगते. आषाढी एकादशीला प्रत्येकानं एखादी वस्तू चार महिन्यांसाठी सोडायची. कार्तिकी द्वादशीला तीच वस्तू ब्राह्मणाला दान द्यायची आणि मगच आपण खायला मोकळं व्हायचं. दान घेणाऱ्यानं त्यातला घासभर तरी त्याच दिवशी पोटात घालायचा, हा खास आमच्या गल्लीचा दस्तूर. आपण नेमकं काय सोडलंय हे निम्मी माणसं श्रावणापर्यंत विसरत, चुकून खात आणि मग माझ्या दारात येऊन उभी राहत. म्हणून आषाढीलाच मी वहीत नाव आणि त्यापुढे वस्तू अशी नोंद करून घेई.

आधी सगळे वांगं सोडत. चातुर्मासात ते तसंही वर्ज्य, त्यामुळे वेगळे कष्ट नसत. गुरुजींची याला काही हरकत नव्हती. भरलं वांगं हा त्यांचा जीव की प्राण होता आणि द्वादशीला चार महिन्यांची कसर ते एका बैठकीत भरून काढत. पण एका वर्षी कोणाच्या तरी डोक्यात कारलं आलं. ते घरोघर पोचलं आणि गल्लीनं एकमतानं कारलं सोडलं.

गुरुजी ठेंगणे, गोल पोटाचे आणि काटकुळ्या पायांचे. ते ढिगातलं एकेक कारलं उचलून पाहत होते, जणू त्यात एखादं तरी वांगं निघेल.

“बाई,” त्यांनी मला विचारलं, “गल्लीत कारलं आवडणारी माणसं किती?”

माझ्या माहितीत एकही नाही, असं मी सांगितलं.

“म्हणजे जे कधी धरलंच नव्हतं ते सगळ्यांनी सोडलं.”

मग त्यांनी एकोणतीस कारल्यांची भाजी केली, गुळाशिवाय, आणि ओसरीवर बसून एकोणतीस घास खाल्ले. प्रत्येक घासाला दात्याचं नाव मोठ्यानं घेतलं. आमचं नाव अकरावं आलं. त्या दुपारी गल्लीतल्या कुठल्याच घरात जेवण धड गेलं नाही.

हात धुतल्यावर त्यांनी मला होमाचं सांगितलं. अग्नीत तूप टाकताना ‘इदं न मम’ म्हणायचं, हे आता माझं नाही. तुपाचं एक बरं असतं, अग्नीत पडलेलं परत येत नाही. माणसानं सोडलेली वस्तू मात्र रोज दारात येऊन बसते आणि आत घ्या म्हणते. जी कधी दारात येणारच नाही ती सोडून काय मिळवलं? असं म्हणून त्यांनी उपरण्याच्या टोकाला एक गाठ मारली. ही त्यांची सवय होती. लक्षात ठेवायच्या गोष्टीला एक गाठ, गोष्ट पार पडली की गाठ सोडायची. माझ्या वहीला ते हसत. म्हणत, तुमची यादी डोळ्यांनी वाचावी लागते, माझी खांद्यावर बसून टोचते.

ती गाठ कशाची होती हे पुढच्या ज्येष्ठात कळलं. गुरुजी बरोबर जेवणाच्या वेळी लोकांच्या दारात उभे राहू लागले. काही मागत नसत. आत कुठलं भांडं आधी रिकामं होतंय ते बघत आणि गाठ मारून पुढच्या दाराला जात. चाँद बागवान नावाचा भाजीवाला गल्लीत यायचा, त्यालाही त्यांनी फितवलं. चाँदचा चातुर्मासावर राग होता. चार महिने त्याचं वांगं आणि कांदा आमच्या गल्लीत पडून राहायचा. गुरुजींनी त्याला विचारलं ते एवढंच, की कुठल्या घरी कुठली भाजी आठवड्यातून दोनदा जाते. चाँदनं सगळं सांगितलं.

आषाढीला लोक संकल्प करायला आले. हातावर पाणी घेऊन बसायचे आणि वस्तूचं नाव घ्यायच्या आत गुरुजी स्वतःच ते उच्चारायचे. एकाचा हुरड्याचा चिवडा गेला, एकीची लसणाची चटणी गेली. माझ्या याद्या सोडवायचा त्यांचा विचार होता, पण मग यादी कोण करणार म्हणून मी वाचले.

आबासाहेब देशमुखांना त्यांनी दुपारची झोप सोडायला लावली. देशमुख जेवून झोपाळ्यावर आडवे झाले की दिवे लागेपर्यंत उठत नसत. ते हसून म्हणाले, सोडतो, पण द्वादशीला झोप दान कशी देऊ? ते माझ्यावर सोडा, असं गुरुजी म्हणाले. चार महिने देशमुख दुपारभर गल्लीत फिरून लोकांची उणीदुणी काढत राहिले. द्वादशीला गुरुजी त्यांच्याकडे भरपेट जेवले, झोपाळ्यावर पसरले आणि डोळे मिटून म्हणाले, दान दात्यानं आपल्या हातानं द्यायचं असतं. देशमुखांनी दिवेलागणीपर्यंत उभ्यानं झोपाळा हलवला.

खरी गंमत भागूबाईंची झाली. त्या आमच्या शेजारच्या. घरी बरी शेती, शंकर हा एकुलता एक मुलगा आणि सोना ही सून. सुनेच्या कागाळ्या हे भागूबाईंचं मीठ होतं. गुरुजींनी नेमकं तेच त्यांच्याकडून सोडवलं. चार महिने बाई ओठ मिटून अशा फिरत होत्या की बघणाऱ्यालाच कसंतरी व्हावं. द्वादशीला सकाळी गुरुजी तपकिरीची डबी घेऊन त्यांच्या घोंगडीवर जाऊन बसले आणि म्हणाले, आणा दान. भागूबाईंनी उन्हं डोक्यावर येईपर्यंत दिलं. सोना भाकरी जाड थापते इथपासून ती झोपेत हसते इथपर्यंत. गुरुजींनी प्रत्येक कागाळीला एक गाठ मारली. शेवटी उपरणं एवढं आखडलं की गळ्याभोवती येईना.

उठताना ते म्हणाले, “हे सगळं आता माझं झालं. उद्या तुम्ही सोनाच्या भाकरीबद्दल काही बोललात तर ते माझ्या मालाला हात लावल्यासारखं होईल.”

दाराआड उभी असलेली सोना हसली. हे मी पाहिलं. भागूबाईंनीही पाहिलं, पण त्यावर बोलता येत नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांत शंकर घरातून गेला. त्या दिवसांत निजामाच्या राज्याविरुद्ध उठलेली गावोगावची पोरं सरहद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूच्या कँपांत जमत होती. शंकर तिकडे गेला असं सगळे समजून होते आणि कोणी बोलत नव्हतं. आम्ही तर मुळीच नाही, कारण आमच्या घरी मीठ सरकारचं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मार्गशीर्षात दर सालच्या रिवाजाप्रमाणे खंडोबाची मूर्ती अणदूरहून नळदुर्गला मुक्कामाला आली तेव्हा भागूबाई देवळात गेल्या आणि नवस बोलून आल्या. तो त्यांनी गल्लीत अभिमानानं सांगितला: शंकर उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवीपर्यंत माझी सून रातचं जेवणार नाही.

ऐकून आम्ही बायकांनी माना हलवल्या. नवस बोलणारी एक आणि फेडणारी दुसरी, यात काही चुकतंय हे तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही.

माघात सोना आडावर कळशी भरता भरता मटकन खाली बसली. तिला पाचवा महिना होता. मी चौकशी केली, कारण चौकशी केल्याशिवाय मला करमत नाही. सकाळी तिला मळमळे, दुपारी अन्न समोर बघवत नसे. भूक लागे ती दिवेलागणीला, आणि नेमकं तेव्हाच जेवण बंद. सुईण म्हणाली, पोर वाढत नाही. असंच चाललं तर दोघांचं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पदराखाली भाकरी घेऊन मागच्या दारानं गेले. सोनानं भाकरीकडे पाहिलं आणि हात मागं घेतला.

“काकू, माझ्या एका घासापायी तिकडं त्यांचं काही झालं तर?”

तिचं वय अठरा-एकोणीस. तिचाही देवावर सासूइतकाच विश्वास होता. मी भाकरी परत आणली आणि तशीच गुरुजींच्या ओसरीवर गेले.

गुरुजींनी ऐकून घेतलं आणि ते लगेच भागूबाईंकडे निघाले. मीही मागं गेले. त्यांनी आधी नेहमीच्या थट्टेनं सुरुवात केली, मग शास्त्र सांगितलं, मग विनवलं. शेवटी म्हणाले, “बोकड नेतात तोही न विचारताच नेतात, भागूबाई. पण बोकडाच्या पोटात तुमचं नातवंड नसतं.”

भागूबाई चिडल्या नाहीत. खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “म्या देवाला शबुद दिलाय, गुरुजी. त्यो परत घेऊ व्हय? माझं एकच लेकरू हाय. ही उपाशी ऱ्हाती तर मला गोड लागतंय का? पर भ्या वाटतंय. लई भ्या वाटतंय.”

गुरुजी उठून बाहेर पडले. परत येऊन ते पायरीवर बसले. चाँद बागवान उरलेली भाजी घेऊन जात होता, तो थांबला. त्या घरची भाजी निम्म्यावर आलीय हे त्याला आमच्या आधी कळलं होतं. गुरुजींनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं पाटी खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाला, “आमच्यात कुर्बानीला बकरा आपला लागतो, गुरुजी. दुसऱ्याचा बकरा कापून कसला सवाब, कसलं पुण्य?”

“आपला लागतो,” गुरुजी म्हणाले.

“आपलाच. अन् घरात वाढवलेला असला तर लई चांगलं. जीव तुटतो ना त्याच्यात.”

गुरुजींनी आपल्या पोटाकडे पाहिलं. चाँद गेल्यावरही बराच वेळ ते पोटाकडेच पाहत होते. मग उठले, मला म्हणाले की उद्या सकाळी वही घेऊन भागूबाईंकडे या, आणि आत जाऊन त्या दिवशीचं रात्रीचं जेवण जेवले. वांग्याचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता. पुढे बरेच महिने तो आला नाही, म्हणून लक्षात राहिला.

सकाळी त्यांनी भागूबाईंच्या ओट्यावर पाट मांडायला सांगितला आणि सोनाला समोर बसवलं. नवस मोडायचा नाही, हे आधीच जाहीर केलं. सोनानं रात्रीचं जेवण सोडलंय ना? मग सोडलेली वस्तू ब्राह्मणाला दान द्यायची, रिवाजाप्रमाणे. द्वादशीची वाट बघायला इथं कोणी चातुर्मासाचा संकल्प केलेला नाही. सूप भरून शिधा आणला गेला. सोनाच्या हातावर पाणी पडलं, सुपाला तिचा हात लागला, गुरुजींनी सुपातला चिमूटभर गूळ तोंडात टाकून घासाचा दस्तूर पुरा केला आणि म्हणाले:

“सोनाचं रात्रीचं जेवण आता माझ्या मालकीचं. ते मी शंकर येईपर्यंत खाणार नाही. तिनं आजपासून जे संध्याकाळी खायचं ते नवीन जेवण, त्याचा नवसाशी संबंध नाही.”

भागूबाई गोंधळल्या. देवाला हे चालेल का, असं त्यांनी विचारलं.

“मागच्या कार्तिकात तुमच्या कागाळ्या माझ्या झाल्या की नाही?”

“झाल्या.”

“त्यानंतर त्यातली एक तरी तुम्हाला वापरता आली?”

“न्हाय,” भागूबाई कडवटपणे म्हणाल्या.

“कागाळ्या होतात तर जेवण का होणार नाही? आणि देवाचा तोटा नाही. त्याला अर्धी भाकरी खाणारी पोर मिळत होती, आता नळदुर्गातला सगळ्यात जास्त जेवणारा माणूस मिळतोय.”

भागूबाईंनी सुपातले दाणे बोटांनी सारखे केले. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, “पर म्या रोज बघनार. तुमी खरंच जेवत न्हाय का ते.”

आणि त्या रोज बघत. दिवे लागले की भागूबाई काहीतरी निमित्त काढून गुरुजींच्या घरात शिरत, चुलीवर हात धरून बघत, झाकण्या उचलत. गुरुजी मुद्दाम एका भांड्यावर तीन झाकण्या ठेवत आणि आत पाणी. एकदा त्यांनी आंघोळीच्या पाण्याला म्हणून संध्याकाळी चूल पेटवली. धूर दिसताच भागूबाई धावत आल्या, आणि गुरुजी दारात पंचा घेऊन उभे. त्या चिडून परत गेल्या, पण त्यांची भीती हळूहळू निवत होती. दुसऱ्याच्या उपासावर पहारा ठेवण्यात त्यांना एवढं काम मिळालं की शंकरच्या काळजीला संध्याकाळी जागाच उरली नाही.

गुरुजींनी त्यागी माणसाचा चेहरा मात्र अजिबात केला नाही. उलट दुपारी ते दुप्पट जेवू लागले, आणि श्राद्धाला त्यांना बोलावताना यजमान दहादा विचार करू लागले. संध्याकाळी ते वैतागत. सहानंतर त्यांच्याकडे मुहूर्त विचारायला जाऊ नये हे सगळ्यांना ठाऊक झालं. एका लग्नाला त्यांनी दोन्ही व्याह्यांना शिव्या घालत मुहूर्त काढून दिला होता. झोपाळ्याचा राग देशमुख विसरले नव्हते. ते मुद्दाम दिवेलागणीला भरल्या वांग्यांचं ताट पाठवत. गुरुजी झाकण उघडत, डोळे मिटून वास घेत, झाकण लावत आणि ताट सोनाकडे पाठवून देत. देशमुखांना हे कळायला चैत्र उजाडला. कळल्यावर त्यांनी ताट पाठवणं थांबवलं नाही. फक्त दोन वांगी वाढवली.

सोनाच्या गालावर रंग आला. गुरुजींचं पोट मात्र आत गेलं आणि धोतर कमरेवर ठरेना. उपरण्याला एक गाठ कायमची बसली होती. ती कशाची, हे मी विचारलं नाही.

आषाढीच्या चार दिवस आधी सोनाला मुलगी झाली. रडणं असं खणखणीत की नाक्यावर ऐकू गेलं असेल. भागूबाईंनी ‘पोरगी झाली’ म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात गुरुजी ओट्यावर येऊन म्हणाले, ही कागाळी असेल तर तीही माझी, आणा इकडे. भागूबाईंनी तोंड मिटलं आणि नात मांडीवर घेतली.

आषाढीला मी वही घेऊन बसले. माझ्या यादीत गुरुजींचं नाव पहिल्या वर्षापासून होतं आणि त्यापुढची जागा पहिल्या वर्षापासून कोरी. विचारलं की ते म्हणत, मी घेणारा. घेणाऱ्याजवळ सोडायला काय असतं? त्या वर्षी मी त्यांना न विचारताच लिहिलं: रात्रीचं जेवण.

भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. दोन-तीन दिवस दारं लावून आम्ही आवाज ऐकत बसलो, मग आवाज थांबले. करोडगिरीचा नाका बंद पडला आणि आमच्या ह्यांच्या याद्या संपल्या. आठवड्यानं एका संध्याकाळी शंकर हमरस्त्यानं चालत आला. दाढी वाढलेली, पायात वहाणा नाहीत. सोना दाराशी धावली. भागूबाईंनी दोन्ही हात आडवे धरून मुलाला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. एवढ्या महिन्यांनी घरी आलेलं पोर बाहेर उभं, आणि आई गल्लीच्या टोकाकडे बघत ओरडतेय, गुरुजींना बलवा. तो आत आला की नवस संपणार, आणि ज्यानं पाळला त्याच्यासमोरच संपला पाहिजे, एवढी शिस्त त्या बाईत आली होती.

गुरुजी आले. शंकरनं उंबरा ओलांडला. भागूबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवले आणि मोठमोठ्यानं रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी गुरुजींपुढे पाट मांडला.

“अजून नाही,” गुरुजी म्हणाले. “मी सोडलेलं मलाही आधी दान द्यायला हवं. सोना, पाटावर बस. भागूबाई, तुम्ही वाढा.”

“सुनंला दान? म्या वाढू?”

“माल माझा आहे. कुणाला द्यायचा ते मी ठरवणार.”

सोना संकोचानं बसली. भागूबाईंनी भाकरी वाढली, वरण वाढलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, आत जाऊन तूप घेऊन आल्या. पहिला घास सोनाच्या तोंडात गेला तेव्हा गुरुजींनी उपरण्याची गाठ सोडायला घेतली. ती इतकी घट्ट बसली होती की शेवटी दातांनी सोडवावी लागली. त्यांचा स्वतःचा घास त्यानंतरचा. सात महिन्यांनी त्यांच्या चुलीचा धूर संध्याकाळी वर आला आणि तो बघायला भागूबाई गेल्या नाहीत.

नाका उठल्यामुळे आमचं बिऱ्हाड हलणार हे ठरलं होतं. कार्तिकी द्वादशीला मी शेवटची यादी घेऊन गुरुजींकडे गेले. ते नावं वाचत आले आणि आपल्या नावाशी थांबले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल मागून घेतली, मी लिहिलेलं खोडलं आणि पुढे लिहिलं: कारलं. वही मिटून परत दिली.

त्याच दुपारी सामानाची बांधाबांध चालू असताना दार वाजलं. गुरुजी उभे होते. पोट बरंचसं पूर्वीच्या जागी आलेलं. एका हातात भरल्या वांग्यांचं पातेलं, ते देशमुखांकडून आलेलं दान. दुसऱ्या हातातल्या द्रोणात भाजी, गुळाशिवाय.

“चार महिने सोडलं होतं,” ते गंभीरपणे म्हणाले. “दान घ्या.”

दान ब्राह्मणाला द्यायचं असतं, मी बाईमाणूस, मला कसं चालेल, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी ऐकलंच नाही. मी द्रोण घेतला. दस्तूर मीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेला होता, त्यामुळे सुटका नव्हती. गुरुजी वांग्यांचं पातेलं धरून दारात उभे राहिले आणि मी घास गिळेपर्यंत हलले नाहीत.